शेवटची बोली मोठ्याची

"शेवटची बोली मोठ्याची. आणि काहून म्हणून विचारायचं नाही!"

भंडाऱ्याच्या आमच्या क्लबात मला शिकवलेला हा पहिला नियम. पत्ते कसे धरायचे, मोजायचे कसे, हे शिकवण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगितला, तोही बोट वर करून!

क्लबात संध्याकाळी दीड तास ब्रिज चालतो आणि त्यानंतर दीड तास त्यावरचं भांडण. पत्ते रोज गोळा करून पत्र्याच्या डब्यात ठेवले जातात. किस्से गोळा करून ठेवायची कुणाची ड्यूटी नाही, त्यामुळे ते टेबलाखाली, खुर्चीमागे, जिपीत, आमच्या घरासमोरच्या छपरीत, जागा मिळेल तिथे साठत गेले. एखाद्या दिवशी भांडण झालं नाही, तर चौकीदार दुसऱ्या दिवशी काळजीनं विचारतो, "काल कोणी आलं नव्हतं का जी?"

ज्यांना मेंढीकोट येतो, त्यांना अर्धा ब्रिज आलाच. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं पार्टनर, प्रत्येकाला तेरा पत्ते. उरलेला अर्धा म्हणजे बोली. खेळ सुरू होण्याआधीच सांगायचं, "हुकूम इस्पिकचा, आणि आम्ही इतके हात करू." पहिले सहा हात धरलेलेच, त्याच्या वर जितके करायचे तो बोलीचा आकडा. बोली डावीकडे फिरत जाते. आधीच्यापेक्षा चढं बोलायचं (आकडा तोच असेल तर बदामाच्या वर इस्पिक, आणि सगळ्यांच्या वर नो ट्रम्प), नाहीतर "पास" म्हणायचं. समोरचे फुशारकी मारून राहिले असं वाटलं तर "डबल" म्हणायचं. म्हणजे, करून दाखवा, नाहीतर दुप्पट दंड! एकामागून एक तीन पास पडले की बोली बंद. शेवटची बोली कायम.

पार्टनरचे पत्ते आपल्याला दिसत नाहीत. त्याच्याशी बोलायची बोली हीच एक भाषा. आणि नेमक्या याच भाषेत आमच्या क्लबाचा नियम, की जोडीतल्या धाकट्यानं मध्ये काय बोलायचं ते बोलावं, पण शेवटचा शब्द वयानं मोठा असेल त्याचा. पत्ते कुणाकडे चांगले आहेत, हा प्रश्नच नाही!

म्हणजे ट्रंक कॉल लावायचा, दोन तास लाईनची वाट पाहायची, आणि लाईन लागल्यावर आपलंच सांगून रिसीव्हर खाली ठेवायचा.

आमची टीम चौघांची. कॅप्टन कापगते सर, रिटायर्ड हेडमास्तर. सिहोऱ्याचे पटले काका, राईस मिलवाले. पाटबंधारे खात्यातले गजभिये साहेब. आणि माझे बाबा, वकील. मी पाचवी. नागपूरहून गणितात एम.एस्सी. करून आले, इथल्या कॉलेजात शिकवायला लागले, ब्रिज होस्टेलातच शिकले होते. टीममध्ये मी राखीव. राखीव म्हणजे कुणाला ताप आला की शोभाला बोलवा. क्लबाच्या रजिस्टरात माझं नावसुद्धा नव्हतं. तिथे लिहिलं होतं, "वकीलसाहेब आणि एक".

ती "एक" म्हणजे मी!

*

क्लबात मी पहिल्यांदा पत्ते हातात धरले ते एसटीच्या कृपेनं. काकांची सिहोऱ्याहून येणारी गाडी तुमसरला बंद पडली. इकडे मोहाडीहून दोन पाहुणे अधिकारी खेळायला येऊन बसलेले, आणि चौथा माणूस नाही.

बाबा घरी धावत आले. "शोभे, चल. फक्त पत्ते धर आणि पास म्हण. बाकी काही बोलू नको!"

मी तीन डाव मुकाट्यानं पास म्हटलं. पाहुणे खूश. त्यातले एक बाबांना म्हणाले, "मुलगी शांत आहे हो तुमची."

चौथ्या डावात त्याच गृहस्थांनी "तीन नो ट्रम्प" अशी बोली दिली. म्हणजे हुकूमच नाही, आणि तेरापैकी नऊ हात आमचे. माझ्या हातात चौकटचा एक्का, राजा, राणी, गुलाम, दहा आणि वर एक छक्की. पहिला पत्ता टाकायची पाळीही माझीच.

"डबल," मी म्हणाले.

बाबा घाईघाईनं म्हणाले, "चुकून बोलली. पासच म्हणायचं होतं तिला."

पाहुणे हसले. "नाही वकीलसाहेब, बोललेला शब्द परत घेता येत नाही. डबल म्हणजे डबल!"

"हो, परत घेता येत नाही," मी म्हटलं आणि चौकटचा एक्का टाकला. मग राजा. मग राणी. हुकूम नसल्यामुळे कापायची सोय नाही. छक्की टाकेपर्यंत सहा हात माझ्यापुढे रचले गेले होते. उरले सात, आणि त्यांना हवे होते नऊ!

पाहुणे पत्ते खाली ठेवत म्हणाले, "वकीलसाहेब, मुलीला पास म्हणायला शिकवा."

बाबा कळवळून म्हणाले, "साहेब, तेवढंच तर शिकवून आणलं होतं!"

शेजारच्या टेबलावरून कापगते सर उठून आले. मला वाटलं शाबासकी देतात. त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "बेटा, शेवटची बोली मोठ्याची."

*

हा नियम कुणी केला, ते कुणालाच माहीत नाही. पण नियम वयाचा असेल तर आधी वय माहीत पाहिजे की नाही?

एकदा सर आणि काका पार्टनर झाले. दोघंही पासष्टीच्या आसपास. दोघंही म्हणतात, मोठा मीच. काकांच्या जन्माचा पुरावा एकच, "पूर आला होता त्या साली." आमच्याकडे वैनगंगेला पूर न आलेलं साल शोधावं लागतं. सरांकडे दाखला होता.

काका दाखल्याला मानायला तयार नव्हते. "सर, सिहोऱ्याच्या शाळेत असतानी तुम्ही माह्या दोन पोट्ट्यायचा जन्म तीन महिन्याच्या फरकानं लिहून ठेवला. तुमच्या तारखेवर मी कायले भरोसा ठेवू?"

हे खरं होतं. अर्ध्या तालुक्याच्या जन्मतारखा सरांनी अंदाजानं ठरवलेल्या आहेत!

डाव सुरू झाला. सर म्हणाले, "चार बदाम." छान बोली. तिथे थांबले असते तर आरामात दहा हात होत होते. पण सर शेवटचे बोलले म्हणजे सर मोठे ठरतात!

काका म्हणाले, "पाच बदाम."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "सहा बदाम."

"सात बदाम!"

समोरचे दोघं मधेमधे पास म्हणत होते. सात म्हणजे तेराच्या तेरा हात. काका मागे टेकून बसले. आता याच्यावर कोण काय बोलणार?

सरांनी गळा साफ केला. "सात नो ट्रम्प."

याच्या वर ब्रिजमध्ये बोलीच नाही. काकांनी वर छताकडे पाहिलं, तिथेही काही सापडलं नाही. नाइलाजानं म्हणाले, "पास." समोरचे हसण्याच्या नादात डबल द्यायचंसुद्धा विसरले.

तब्बल पाच हात कमी पडले. सरांनी एकेक हात जाताना शांतपणे पाहिला. शेवटी पत्ते गोळा करत म्हणाले, "पण मोठा कोण, हे कळलं ना पटले?"

*

काकांची बोली त्यांच्या मिलमधून आलेली. चांगले पत्ते आले तर एकदम उडी मारायची, एकावरून तीनवर, म्हणजे पार्टनरला कळतं की इथे माल आहे. जगभरचे खेळाडू हेच करतात. काका करत नाहीत. धानाच्या लिलावात उभं राहून त्यांची हाडं तयार झालेली. "उडी मारते तो मूर्ख," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांचे पार्टनर बहुतेक गजभिये साहेब असायचे. साहेब कमी बोलत, आणि जे बोलत ते बहुतेक "पास". इतक्या समाधानानं पास म्हणणारा माणूस मी पाहिला नाही. त्यांचं म्हणणं, "पास म्हणजे रुसणं नाही बाई. पास म्हणजे, याच्यावर माझ्याजवळ जबाब नाही. माणसानं कबूल केलं पाहिजे."

गोंदियाच्या स्पर्धेत नागपूरची एक भारी टीम समोर होती. इस्त्रीचे शर्ट, इंग्रजीतली बोली. काकांनी सुरुवात केली, "एक इस्पिक."

नागपूरवाले म्हणाले, "दोन बदाम." साहेब, "पास."

काकांनी उसासा सोडला. "दोन इस्पिक."

"तीन बदाम." "पास."

काकांनी डोकं खाजवलं. "बरं, तीन इस्पिक."

"चार बदाम." "पास."

काका इतक्या दुःखी चेहऱ्यानं "चार इस्पिक" म्हणाले, की मला मागून पाहताना वाटलं, घरून काही वाईट बातमी आली. नागपूरच्या कॅप्टननं हा चेहरा पाहिला आणि आनंदानं म्हणाला, "डबल!"

काकांच्या हातात नऊ इस्पिक होते. एक्का, राजा, राणी, गुलाम, सगळं घराणं! त्यांनी बारा हात केले. दहाच पुरे होते.

कॅप्टन भडकला. "काका, एवढे पत्ते होते तर पहिल्याच फटक्यात चार का नाही म्हणालात?"

काका पत्ते पिसत म्हणाले, "माल घ्यायचाच आहे, हे समोरच्याले दिसलं का भाव चढते, साहेब."

*

सरांचा आवाज हेडमास्तरचा. मैदानाच्या त्या टोकाची पोरं ओळीत यावीत, असा.

टीमच्या मॅचमध्ये एकच डाव दोन खोल्यांत खेळतात. तेच पत्ते, तसेच वाटलेले. इकडे आमची एक जोडी, तिकडे दुसरी, पण उलट्या बाजूला बसलेली. म्हणजे "आमचे पत्तेच खराब होते" असं रडायची सोय नाही. हे सगळं चालतं केव्हा? एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत ऐकू येत नसेल तेव्हा!

आमच्या क्लबात दोन खोल्यांच्या मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. सरांनी गर्जना केली, "सहा चौकट!" पलीकडे तुमसरच्या टीमचा माणूस तेच पत्ते धरून बसला होता. तो तीनवर थांबणार होता, तो सरळ सहावर गेला. बाबांनी आक्षेप घेतला तर म्हणतो, "कापगते सर सहा म्हणून राहिले, मग मी काहून मागं राहू? सातवीत गणिताले तेच होते मले!"

उपाय म्हणून ठरलं, बोली तोंडानं द्यायची नाही. सरांनीच शाळेतून पाट्या आणल्या आणि खडूचा डबा. पाटीवर बोली लिहायची, फिरवायची. क्लबात पहिल्यांदाच शांतता. नुसता खडूचा आवाज.

समोरच्या खेळाडूनं लिहिलं, "४ बदाम". पाटी फिरत सरांपुढे आली. सरांनी ती हातात घेतली, नीट वाचली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं कोपऱ्यात बरोबरची खूण करून पुढे दिली!

त्या माणसाचा पार्टनर खूण पाहून सुखावला. ज्या अर्थी कापगते सर बरोबर म्हणतात, त्या अर्थी सरांच्या हातात काही नाही! तो सहावर गेला आणि सहा करून दाखवले.

"मी काही मुद्दाम केलं नाही," सर ओशाळून म्हणाले.

काका म्हणाले, "बरं झालं जी, खाली 'शाबास' नाही लिहिलं."

*

रविवारी ब्रिज आमच्या छपरीत. आई पत्त्याला हात लावत नाही, पण तिच्या चहाचं टाइमटेबल बोलीवर चालतं. ती स्वयंपाकघरातून कान देऊन असते. तीन पास पडले की आधण ठेवते, कारण बोली संपली की चौघांतला एक जण रिकामा होतो. त्याचे पत्ते टेबलावर उघडे मांडलेले असतात आणि खेळतो त्याचा पार्टनर. कपबशा आणायला तो माणूस मिळतो. "तीन झाले!" अशी आतून आरोळी आली, की समजायचं, चहा येऊन राहिला. खेळणारे कधीकधी बोलीत हरवून जातात. आईचा पास कधी चुकलेला नाही.

एकदा मी बाबांना शिकवत होते, की मोठी बोली करायच्या आधी पार्टनरला "चार नो ट्रम्प" असं विचारायचं. त्याचा अर्थ, तुझ्याकडे एक्के किती? तो पाच किलवर म्हणाला तर एकही नाही, पाच चौकट म्हणाला तर एक, पाच बदाम म्हणाला तर दोन.

आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "एक्के किती, एवढंच विचारायले एवढा फेरा? सरळ विचारा ना!"

बाबा म्हणाले, "सरळ विचारणं नियमात बसत नाही."

"तुमच्या काकू मला पाहायला आल्या होत्या, तेव्हा असंच," आई म्हणाली. "'पाणी आणायले विहीर लांब आहे का?' म्हणे. मी मनात म्हटलं, ही बाई माझे पाय तपासून राहिली!"

"मग तू काय उत्तर दिलं?" मी विचारलं.

"मी म्हटलं, 'तुमच्याकडची किती लांब आहे?'"

सर पत्ते खाली ठेवून म्हणाले, "वकीलसाहेब, टीममध्ये चुकीच्या माणसाला घेतलंय आपण."

*

मागच्या वर्षीचा किस्सा सांगताना मला अजून राग येतो, तरी सांगते.

गोंदियाची सेमीफायनल. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी आत. एका खोलीत बाबा आणि गजभिये साहेब, दुसऱ्या खोलीत सर आणि मी. शेवटचा डाव, दोन्ही टीम जवळजवळ बरोबरीत.

सरांनी चार इस्पिकची बोली दिली होती. समोरच्यांनी ताणून धरलं. "पाच बदाम." त्यांना त्यात अकरा हात करायचे होते, आणि माझ्या हातात बदामाचे चार, त्यात राणी आणि गुलाम, बाहेर किलवरचा एक्का, राजा. मी मनातल्या मनात मोजलं. तीन हात कमी पडतात. दोनदा मोजलं. तीनच!

"डबल," मी म्हणाले.

पुढचा पास. आता सरांनी पास म्हणायचं, समोरचा पास म्हणणार, आणि फायनल आमची. सर माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी पत्त्यांकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर. आणि म्हणाले, "पाच इस्पिक."

माझं डबल पुसलं गेलं! समोरच्यांनी आम्हालाच डबल दिलं. आमचे दोन हात कमी पडले. सेमीफायनल तिथेच संपली.

काकांच्या मिलची जीप तिरोड्याच्या रस्त्यानं परत निघाली. ड्रायव्हर आणि सोबतीला नेलेला क्लबाचा चौकीदार धरून सहा जण. तुमसर गेलं, मोहाडी आली. शेवटी मला राहवलं नाही.

"सर, माझं डबल चूक होतं का?"

"नाही बेटा," सर म्हणाले. "अगदी बरोबर होतं. ते तीन हात कमी पडत होते."

"हे तुम्हाला तेव्हा कळलं होतं?"

"कळलं होतं ना."

"मग पाच इस्पिक कायले म्हणालात?"

सर खरोखर आश्चर्यानं माझ्याकडे वळले. "अगं, नाहीतर शेवटची बोली तुझी झाली असती!"

*

यंदाची गोंदियाची फायनल आम्ही जिंकली, हे आता सगळ्यांना माहीत आहे. कप क्लबाच्या कपाटात आहे, कपाटाला काच लावली आहे, आणि लाखांदूरहून पाहुणा आला तरी त्याला आधी ते कपाट दाखवतात. ती मॅच कशी झाली ते मला हजारदा विचारून झालं. पण खरी मॅच आदल्या दिवशी आमच्या छपरीत झाली. तिथे एकही पत्ता वाटला नव्हता.

झालं असं, की सेमीफायनल जिंकल्यावर चौथ्या दिवशी गजभिये साहेबांची बदली झाली. ताबडतोब रुजू व्हा. मी त्यांच्या क्वार्टरवर गेले तर सतरंज्या, ट्रंका बांधून तयार.

"बाई, आता माझी जागा तुमची," ते म्हणाले.

"जागा माझी, बोली सरांची," मी म्हटलं. "मी नुसती पत्ते धरणार. साहेब, तुम्ही हा नियम इतकी वर्षं कसा चालवून घेतला?"

साहेब ट्रंकेची कडी लावत होते. ती लागेना. लावून झाल्यावर म्हणाले, "मी आळशी माणूस, पास म्हणून मोकळा झालो. पण माझ्या आज्याले लोकाईनं असेच लय नियम सांगितले होते बाई, 'काहून म्हणून विचारायचं नाही'वाले. माझ्या बापानं विचारलं." मग हसले. "तुम्ही मॅथ्सच्या. तुम्ही तर विचारलंच पाहिजे."

फायनल रविवारी. शनिवारी दुपारी सर आणि काका आमच्याकडे आले. छपरीतल्या टेबलाशी सवयीनं चार दिशांना बसलो. माझ्या डाव्या हाताला काका, समोर सर, उजवीकडे बाबा. मध्ये चिवड्याची परात.

सर म्हणाले, "तर शोभा, उद्या तू माझी पार्टनर."

"खेळते," मी म्हटलं. "पण तो नियम राहणार नाही."

"कोणता नियम?" बाबा म्हणाले. बाबांना वाटतं, न कळल्यासारखं केलं की केस पुढच्या तारखेवर जाते.

"तोच. शेवटची बोली मोठ्याची."

काकांनी परिस्थिती हातात घेतली. हा त्यांचाच धंदा. "असं करू पोरी. एका डावापुरता नियम सोडून देऊ."

"नाही."

"दोन डाव."

"नाही, काका."

"बरं, तीन."

आई आतून म्हणाली, "भाऊजी, मारा की एकदाची उडी!"

"वहिनी, उडी मारते तो मूर्ख!" काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "चार."

बाबा म्हणाले, "हे बघ शोभे, अर्धी मॅच तुझ्या मनासारखी, अर्धी सरांच्या. कोर्टातही असाच निकाल देतात."

"नाही."

आता सर पुढे झुकले. आवाज क्लबातल्यापेक्षा खाली होता, म्हणजे फक्त शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेला असेल. "तू डबल दिलंस तर मी त्यावर बोलणार नाही. मागच्या वर्षीचं माझ्या लक्षात आहे. बाकी सगळ्या वेळी शेवटचा शब्द माझा. याच्यापेक्षा जास्त मी कुणाला दिलेलं नाही."

खरं सांगते, तिथे मी क्षणभर डगमगले. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा काही सोडलं होतं. उद्या फायनल होती. आणि दोन वर्षं मी त्या खुर्चीसाठी कुणाला तरी ताप येण्याची वाट पाहिली होती.

"नाही, सर," मी म्हणाले.

"म्हणजे खेळणार नाहीस?"

"नाही खेळणार. तुम्ही तिघं जा. चौथ्या खुर्चीवर तुमचा नियम बसवा. तो कधीच उलटून बोलत नाही."

"शोभे!" बाबा ओरडले.

"मोठ्यांचा मान म्हणून काही असतो की नाही?" सर म्हणाले.

"असतो, सर. दिवाळीला पाया पडते, मनापासून पडते. तुम्ही आल्यावर खुर्ची सोडून उठते. पण पत्ते हातात घेतल्यावर ज्याचे पत्ते, त्याची बोली. वय बाहेर चपलांजवळ ठेवून यायचं. तुम्हीही आणि मीही. हे एक म्हणणं आहे माझं. याच्यावर कुणाला काही बोलायचं आहे?"

काकांनी परातीतला एक शेंगदाणा उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि परत चिवड्यात ठेवला. काही बोलले नाहीत.

सरांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला, उजेडाकडे धरून पाहिला, परत घातला. काही बोलले नाहीत.

बाबांनी सरांकडे पाहिलं, मग काकांकडे, मग माझ्याकडे. तोंड उघडलं, आणि मिटलं.

स्वयंपाकघरातून आधणाचं भांडं चुलीवर ठेवल्याचा आवाज आला.

"तीन झाले!" आई म्हणाली.